आत्याला वाचून दाखवलेलं पत्रक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, गटातल्या लोकांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. हा मजकूर छापण्याआधी मी कुणाला वाचूनही दाखवलेला नाही. आमच्या घरात ही गोष्ट किती गंभीर आहे ते पुढं कळेल. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर मी फार चांगला बोलतो — आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. हे छापून आलं तर तिच्यापर्यंत जाईल. जाऊ दे.

सुरुवात घरापासून करावी लागेल. दुसऱ्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पोहे येतात. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात आधी पत्रक पडायचं, मग पोहे. बाबा बँकेत कारकून होते, आणि बँक सुटल्यावर त्यांच्या चळवळीच्या गटासाठी पत्रकं लिहायचे. बाबाबुवांच्या भुकट्यांविरुद्ध, गरज नसताना लावल्या जाणाऱ्या सलाइनविरुद्ध, शाळांच्या देणग्यांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. मी मुळाक्षरं गिरवली ती जुन्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. कागदाच्या पलीकडून 'जागे व्हा' असं उलटं दिसत असायचं, आणि अलीकडे मी 'ग' काढत असायचो.

बाबांचे दोन नियम होते. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव हवं. निनावी पत्रक म्हणजे भित्र्याची शिवी, असं ते म्हणत. आणि छापायला देण्याआधी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचं — गटातल्या माणसाला नाही, बाहेरच्याला. आमच्या घरी हा बाहेरचा माणूस म्हणजे विजूआत्या, बाबांची धाकटी बहीण. ती हातशिलाई करत ऐकायची. अवघड शब्द आला, किंवा खोटा चढलेला सूर आला, की तिची सुई थांबायची. बाबा ते वाक्य खोडायचे, सुई पुन्हा चालू व्हायची.

आत्याचं बिबवेवाडीत ब्लाउज शिवायचं दुकान होतं. एका सोसायटीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधे. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. तिचा हात असा होता की बायका शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या तरी ब्लाउजासाठी तिच्याकडेच यायच्या. एकदा एक बाई तक्रार घेऊन आल्या — ब्लाउज आटला म्हणून. आत्यानं कापड उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "कापड नाही हो आटलं. दिवाळी अंगी लागलीय." त्या बाई पुढच्या महिन्यात तीन ब्लाउजपीस घेऊन परत आल्या.

मी हे सगळं लांबवतोय, हे मला कळतंय. पण तो हात तुम्हाला ठाऊक असायला हवा.

मी कॉलेजात असताना बाबा गेले आणि पत्रकं माझ्याकडे आली. मी बाबांपेक्षा जास्त तापलेला होतो. बाबा प्रश्न विचारायचे. मी निकाल द्यायचो. औषध कंपन्या हा माझा खास विषय. डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटी, परदेशातल्या परिषदा, एकाच औषधाच्या वेगवेगळ्या किमती. त्यातलं बरंचसं मी आजही तसंच्या तसं लिहीन. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. खरं बोलायची सवय असलेला माणूस खोटं बोलला की ते जास्त पटतं, एवढंच मला सांगायचंय.

एका हिवाळ्यात आत्याची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की मूठ वळायची नाही. दुकान उघडलं तरी ऊन चांगलं वर येईपर्यंत तिला कात्री धरता येत नसे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आमवात म्हणून सांगितलं. नुसती हाडं झिजण्याचा संधिवात नव्हे. शरीराचीच संरक्षणाची फौज सांध्यांवर उलटते, तो. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, सोबत फॉलिक ॲसिड, आणि अधूनमधून रक्त तपासत राहा असं बजावलं. आत्या ती पट्टी घेऊन माझ्याकडे आली.

"बघ रे, तू या औषधवाल्यांच्या मागं लागलेला असतोस. हे काय देतायत मला?"

मी फोनवर नाव टाकलं. पहिल्याच ओळीत कॅन्सर दिसला. हेच औषध अगदी थोड्या प्रमाणात, आठवड्यातून एकदा, आमवातावरचं पहिलं औषध म्हणून जगभर फार वर्षं दिलं जातं — हेही तिथंच होतं, थोडं खाली. तेही मी वाचलं. पण मथळा तोवर माझ्या डोक्यात तयार झाला होता: 'कॅन्सरचं औषध बोटदुखीला!' उद्गारचिन्हासकट.

पत्रक लिहिलं, आणि नियमाप्रमाणे आत्याला वाचून दाखवलं. ती पोलक्याला हुक लावत होती. सुई एकदाही थांबली नाही. मला वाटलं, पत्रक फक्कड झालंय. आज वाटतं — स्वतःच्या हाताबद्दल ऐकणारा माणूस शब्द कसले तपासणार? पुढच्या आठवड्यात तिनं गोळी घेतली नाही. गटाच्या सभेत, जिथं ती नुसती ऐकायला येऊन बसे आणि कधी तोंड उघडत नसे, तिथं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बंद केली." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

ही चूक झाली. पण मी कबूल करायला बसलोय ती ही नव्हे. ही अर्धवट ज्ञानाची आणि तरुण वयाची म्हणून कशीबशी खपवता येईल. पुढची खपत नाही.

पुढं माझी पाठ सुरू झाली. मी तेव्हा धायरीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचो आणि हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या वापराच्या सूचना लिहायचो. 'इथे क्लिक करा', 'बदल जतन करा' — दिवसा हे, आणि संध्याकाळी क्रांती. कंपनीच्या बसमध्ये बसलं की कमरेत काहीतरी गोठत जायचं. चाललं की बरं वाटायचं, बसलं-झोपलं की वाढायचं; पहाटे कूस बदलायला हातानं पलंगाची कड धरावी लागे. बसमधून उतरताना मी दांड्याला लटकून आधी एक पाय खाली सोडायचो, मग दुसरा. मागून एक मुलगा रोज ओरडायचा, "काका, सावकाश! सीनियर सिटिझन पास काढून देऊ का?" तो माझ्यापेक्षा एखाद्या वर्षानंच लहान असेल.

बऱ्याच वेदनाशामक गोळ्या खाऊन झाल्यावर मी संधिवाताच्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. रक्त, एमआरआय. माझ्या कमरेच्या आणि मणक्यांच्या सांध्यांना सूज होती. आत्याच्या आजाराचा चुलतभाऊ म्हणा — घराणं एक, स्वभाव वेगळा. उपचार केला नाही तर मणके एकमेकांना चिकटत जातात आणि माणूस बांबूसारखा ताठ होतो. डॉक्टरबाईंनी आधी रोजचा व्यायाम आणि साधी औषधं दिली. त्यानं भागेना, तेव्हा इंजेक्शन सुचवलं. सूज पेटवणारा शरीरातला एक नेमका पदार्थ असतो. हे औषध तेवढाच अडवतं. दर पंधरा दिवसांनी, घरच्या घरी, पेनसारख्या नळीतून मांडीत टोचायचं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी, कारण या औषधानं लपून बसलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

मी वाद घातला. मला येत असलेलं सगळं म्हटलं — नफा, पेटंट, डॉक्टर-कंपनी साटंलोटं. त्या शांतपणे ऐकत होत्या, बाहेर पेशंट ताटकळत होते. मग म्हणाल्या, "तुमचा राग खरा असेल. पण तुमचा मणका पत्रकं वाचत नाही."

मी इंजेक्शन घेतलं. कंपनीच्या विम्यातून. ज्या विम्याची मी लेखात खिल्ली उडवली होती, त्याच.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास? मी आत्याबद्दल सांगितलं. गोळी बंद केल्याचंही सांगितलं. का बंद केली ते नाही. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "त्यांना लवकर आणा," म्हणाल्या. "सूज आहे तोवर थांबवता येते. एकदा हाड खाल्लं गेलं की ते मला परत देता येत नाही." मी हो म्हणालो. हे नीट लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं. एका जबाबदार माणसानं मला स्पष्ट मराठीत सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी बुटाच्या नाड्या बांधल्या, कुलूप लावलं, लिफ्टपर्यंत गेलो, आणि तिथं लक्षात आलं — मी वाकलो होतो. न धरता, न कण्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि सैल करून नाड्या पुन्हा बांधल्या. बस चुकली. त्या पायरीवर पहिला विचार कोणता आला असेल? आत्याला न्यायला हवं, हा? नाही. पहिला विचार आला: हे कुणाला कळता कामा नये. मी दोनच ओळी लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं — माझं चुकलं, हे औषध लागतं, आणि ते सगळ्यांना परवडेल असं मिळायला हवं. उलट ते पत्रक आधीच्यापेक्षा धारदार झालं असतं. पण त्यात 'माझं चुकलं' असं लिहावं लागलं असतं. मला सरकारला विचारता येत होतं, कंपन्यांना विचारता येत होतं. हे दोन शब्द लिहिता येत नव्हते.

मग तो दिवस. आत्याच्या दुकानात तिच्या हातून टाचण्यांची डबी पडली. सवयीनं ती वाकायला गेली, आणि मी आधीच खाली उकिडवा बसून टाचण्या गोळा करायला लागलो होतो. वरून आवाज आला, "अरे! तू खाली बसलास?"

मी वर बघितलं. ती इतकी खूश झाली होती की मला बघवेना.

"कशानं रे बरं वाटलं?"

"सूर्यनमस्कार," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं. आधी ठरवलेलं नव्हतं — पण माझ्या जिभेला अडखळावं लागलं नाही, म्हणजे कुठंतरी ते तयारच असणार. त्यात अर्धं खरंही होतं. मी रोज व्यायाम करत होतोच, माझ्या आजाराला तो हवाच असतो. उरलेलं अर्धं मांडीत टोचलं जात होतं. आणि आत्याचा आजार वेगळा होता, तिचे तळहात आणि मनगटं सुजलेली होती. सूर्यनमस्कारात सगळा भार कशावर येतो?

ती म्हणाली, मला शिकव.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही कापड बेतायची चादर जमिनीवर पसरली. तिचे तळहात उघडून जमिनीवर टेकेनात. तिनं मुठींवर प्रयत्न केला. मग बोटांच्या पेरांवर. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मी तिच्या शेजारी उभा होतो. मी म्हणालो, "जमेल, आत्या. हळूहळू." मी तिला काय करायला लावतोय ते मला माहीत होतं. तुम्हाला वाटेल, अशा वेळी माणसाच्या आत काहीतरी तुटत असेल. माझ्या आत काही तुटलं नाही. मी तिला श्वास कधी सोडायचा ते सांगत होतो.

अरुणकाका आमच्या गटातले सगळ्यात जुने, बाबांचे मित्र. आत्यानं त्यांना माझ्या पाठीची हकिगत सांगितली असणार. त्यांचा फोन आला: "लेका, शत्रूवर टीका पुष्कळ झाली. आता पर्याय दाखव. स्वतःचा अनुभव लिही." मला नाही म्हणता आलं असतं. नोकरीचं कारण होतं, वेळेचं होतं. मी लिहिलं. चांगलं लिहिलं. 'गोळीविना संधिवात' असं नाव दिलं. ताठ झालेली पाठ, बसमधून उतरताना होणारी थट्टा, नाड्या बांधल्या ती सकाळ — सगळं खरं होतं. फक्त त्या सगळ्याच्या मधे जे होतं ते काढून घेतलं होतं.

आणि नियमाप्रमाणे आत्याला वाचून दाखवलं.

या वेळी तिच्या हातात सुई नव्हती. हात मांडीवर पालथे ठेवून ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "हे तुझ्या अनुभवाचं आहे ना? वाचलेलं-बिचलेलं नाही?"

"अनुभवाचं."

"मग छाप."

खाली माझं पूर्ण नाव छापलं. धायरीच्या भाजी मंडईबाहेर वाटलं, बिबवेवाडीतल्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना वाटलं. ते वाचून कुणी आपली औषधं बंद केली का? माहीत नाही. खरं सांगायचं तर मी माहीत करून घेतलं नाही. त्या बागेत मी पुन्हा गेलो नाही, एवढं सांगू शकतो.

नंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, कारण आजार आवाज न करता काम करत होता. आधी आत्याच्या हातून कात्री गेली. बेतायचं काम तिनं शेजारच्या गल्लीतल्या एका बाईकडे सोपवलं. मग हुक आणि काजं गेली. मग सुई. बोटं करंगळीच्या बाजूला कलत गेली, वाऱ्यानं एकाच दिशेला झुकलेल्या गवतासारखी. शेवटी दुकान तिनं देऊन टाकलं. सामान हलवायला मी गेलो होतो. ती स्टुलावर बसून म्हणाली, "झाले निवृत्त. सरकारी नोकरी असती तर नारळ आणि शाल तरी मिळाली असती." मी मशीन उचललं. माझी पाठ अजिबात दुखली नाही.

तिनं मला कधी दोष दिला नाही. दोष द्यायला तिला माहीत काय होतं? ती स्वतःलाच दोष द्यायची. "माझा श्वास चुकतो बहुतेक," म्हणायची. "तुझं बघ कसं छान झालं. माझ्यात चिकाटी नाही." मी काय म्हणायचो? म्हणायचो, "असं नाही आत्या, प्रत्येकाची प्रकृती वेगळी." बघा, यातही शब्दशः खोटं काही नव्हतं.

एका सकाळी तिच्या हातून केसांत कंगवा फिरेना. तिनं मला फोन केला. "सूर्याला नमस्कार पुष्कळ झाले. आता एखाद्या डॉक्टरला करते. घेऊन चल."

मी घेऊन गेलो — माझ्या डॉक्टरबाईंकडे नाही. त्या मला बघून पहिल्या वाक्यात विचारणार, पाठ कशी आहे, इंजेक्शनं वेळेवर चालू आहेत ना. म्हणून मी शहराच्या दुसऱ्या बाजूला, ओळख नसलेल्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं वेळ मिळायला महिना गेला. तो महिनाही तिच्या बोटांतूनच गेला.

ते डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी हातांचा एक्स-रे खिडकीकडे धरला, बराच वेळ धरला. मग आत्याला विचारलं, "अहो, इतकी वर्षं काय करत होता आपण?"

आत्या म्हणाली, "तत्त्वं पाळत होतो."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, सूज उतरेल, वेदना कमी होतील, पुढची मोडतोड थांबेल. पण जे वाकलंय ते वाकलेलंच राहील. आत्यानं ऐकून घेतलं. उठताना तिनं विचारलं, "आणि कात्री?"

"कात्री नाही," ते म्हणाले.

ती हो म्हणाली, जसं एखाद्या गिऱ्हाइकानं मापाचं सांगितल्यावर म्हणायची. मी भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र बघत होतो.

त्यांनी तीच आठवड्याची गोळी पुन्हा सुरू केली. पट्टी बघून आत्या म्हणाली, "अगंबाई, ही तर आपली जुनी." आपली. काही महिने गेले, फरक पडला पण पुरेसा नाही, तेव्हा त्यांनी इंजेक्शनही जोडलं. माझ्यासारखंच, पेनच्या नळीतलं. ते टोचायला नळीचं टोपण ओढून काढावं लागतं आणि नळी मांडीवर घट्ट दाबून धरावी लागते. तिच्या बोटांना ते जमत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी मी जातो.

मी ते आधी फ्रिजमधून काढून ठेवायला सांगतो, म्हणजे थंड लागत नाही. मांडीची जागा दर वेळी बदलतो. दाबल्यावर टक् असा आवाज होतो, मग थोडं थांबायचं, दुसरा टक् होतो, तेव्हाच उचलायचं. हे सगळं माझ्या हातून सरावानं होतं. पहिल्याच वेळी आत्या म्हणाली, "कळलं नाही रे टोचल्याचं! शिकलास कुठं?"

"फोनवर व्हिडिओ असतात," मी म्हणालो.

तिला आता बरं वाटतं. सकाळी दोन्ही हातांत धरून ती चहाचा कप उचलते. कंगवा जाड दांड्याचा आणलाय, त्यानं केस विंचरता येतात. सुई नाही. परवा इंजेक्शन देऊन झालं, मी कापसाचा बोळा दाबून बसलो होतो, आणि ती स्वतःच्या हातांकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत म्हणाली,

"तू मला दुकानात सूर्यनमस्कार शिकवलेस ना, तेव्हा हे औषध होतं का रे?"

तिनं हे सहज विचारलं. खोच नव्हती, संशय नव्हता. खरं सांगायला यापेक्षा मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी बोळा उचलून बघितला; रक्त थांबलं होतं.

"नव्हतं, आत्या," मी म्हणालो. "नंतर आलं."

"मग ठीक," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. "म्हणजे आपलं काही चुकलं नाही."

होतं. धायरीच्या घरी माझ्या फ्रिजमध्ये होतं. दाराच्या कप्प्यात नाही, तिथं गारवा सारखा बदलतो. आत, मधल्या फळीवर, दह्याच्या डब्यामागं. आत्या रविवारी जेवायला यायची, तेव्हा दही मीच उठून काढून द्यायचो.